पकड वाढवण्यासाठी घरी केलेली साधनं : बादली, वीट, पाइप आणि सागवानाचा ठोकळा

कातळवाट | सोमवार, रात्री ९.४०

दीड वर्षापूर्वीची जुलैतली संध्याकाळ. बाहेर धो धो पाऊस, कड्यावर जाणं शक्यच नाही, म्हणून मी नेहमीसारखा आतल्या खोलीच्या दाराच्या चौकटीला लटकलो होतो. चौकटीची वरची कड बोटाचं टोक जेमतेम टेकेल एवढीच. तिसऱ्या खेपेला उजव्या अनामिकेतून 'टक्' असा आवाज आला, ताणलेल्या दोरीचा एक पीळ तुटावा तसा. दुखलं नंतर, आधी आवाजच आला. सोनोग्राफीत कळलं की ए-२ पुली, म्हणजे बोटाच्या आतली एक कडी, अर्धवट फाटली आहे. सात आठवडे चिकटपट्टी बांधून बसलो. पाऊस संपला, लिंगाण्याची मोहीम झाली, मित्र जाऊन आले.

त्या सात आठवड्यांत जे वाचलं, विचारलं आणि नंतर स्वतःच्या हातावर करून पाहिलं, ते सगळं इथे लिहून ठेवतो आहे. घरी साधनं करून पकड वाढवू पाहणारे बरेच जण इथे आहेत, आणि माझ्यासारखी चूक कुणी करू नये असं मनापासून वाटतं.

मुळात बोटांत स्नायू नसतात. बोटं मिटवणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. तिथून निघालेले कंडरे, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, मनगटातून बोटांच्या टोकापर्यंत जातात. ते हाडाला चिकटून राहावेत म्हणून वाटेत कड्या असतात, मासे धरायच्या गळाच्या काठीला दोर ओवायला असतात तशा. त्या कड्या म्हणजे पुली. स्नायू दोन-तीन महिन्यांत दणकट होतो. कंडरा आणि पुली यांना रक्तपुरवठा कमी, त्यांना त्याच कामाला कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे हाताला वाटतं आता जमेल, आणि आतली कडी अजून तयारच झालेली नसते. माझं नेमकं हेच झालं.

दुसरी चूक, मी वजन मोजतच नव्हतो. चौकटीला लटकलं की पूर्ण ६८ किलो बोटांवर. त्यात कमी-जास्त करायची सोय नाही.

म्हणून आता माझं मुख्य साधन म्हणजे सागवानाचा एक ठोकळा आणि रंगाची रिकामी २० लिटरची बादली. लाकडाच्या वखारीत तुकड्यांचा ढीग पडलेला असतो, त्यातून साधारण ७ इंच लांब, ३ इंच उंच आणि दीड-दोन इंच जाड तुकडा घ्या. सुताराकडून त्याच्या एका अंगाला २० मिलिमीटर खोल खाच पाडून घ्या, चार बोटं आरामात शेजारी शेजारी बसतील एवढी रुंद. लाकडाच्या रेषा खाचेच्या लांबीच्या दिशेनेच हव्यात, हे सुताराला आधीच सांगा. आडव्या गेल्या तर कडेची कपची निघते, आणि तीही वजन उचललेलं असताना.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, कड गोल करणं. आधी कानस, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. बोटाचं पेर जिथे टेकतं तिथे कुठलीही धार राहता कामा नये. मी डोळे मिटून अंगठा फिरवत बसायचो, खरखर लागली की पुन्हा घासायचं. यात एक अख्खा रविवार गेला आणि तो सार्थकी लागला. पॉलिश, व्हार्निश, ऑइलपेंट काहीही लावू नका. कोरं लाकूडच घाम शोषतं आणि कातडी सोलत नाही. खाली मधोमध भोक पाडून त्यातून जाड दोरी, दोरीला बादली.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दूध मोजायचं लिटरचं माप घेऊन पाणी ओतायचं, संपलं मोजमाप. रिकाम्या बादलीचं वजन एकदा करून भिंतीवर लिहून ठेवलं आहे.

उचलताना ठोकळा दोन पायांच्या मध्ये, हात सरळ, बोटांची मधली पेरं साधारण काटकोनात, अंगठा बोटांवर चढवायचा नाही. गुडघ्यातून उठायचं, बादली जमिनीपासून दोन इंच वर आली की पुरे. ८ सेकंद धरायचं, हळूच टेकवायचं. दोन-तीन मिनिटं विश्रांती. एका हाताला पाच वेळा. आठवड्यातून दोनदा, तिसऱ्यांदा नाही. आधी हात गरम करायला अर्ध्या वजनाच्या तीन फेऱ्या.

चौदा महिन्यांपूर्वी दुखऱ्या उजव्या हाताने १४ किलो, डाव्याने १७. आज २९ आणि ३०. अनामिका एकदाही कुरकुरली नाही.

तुम्ही घरी काय वापरता ते लिहा.

---

हिंजवडीकर | सोमवार, रात्री ११.०५

धागा वाचनखुणेत टाकला. माझा एक प्रश्न आहे. आमच्या इमारतीत भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट-विटांच्या आहेत. क्लाइंबिंगचा तयार फिंगरबोर्ड (बोटांनी लटकायची खाचांची फळी) आणला होता, चार स्क्रू मारून लावला, दुसऱ्या दिवशी प्लगसकट बाहेर. भिंतीत चार खड्डे पडले. अशा भिंतीत काही टिकतं का?

---

कातळवाट | मंगळवार, सकाळी ७.१५

साधा प्लग त्या ब्लॉकमध्ये धरत नाही, ब्लॉक आतून भुसभुशीत असतो. काँक्रीटच्या तुळईत अँकर बोल्ट मारला तर टिकेल, पण त्यासाठी तुळई कुठे आहे हे ठाऊक हवं आणि घर स्वतःचं हवं. मी म्हणेन भिंतीचा नाद सोडा. ठोकळा-बादलीला भिंत लागतच नाही, हाच तर तिचा मोठा गुण. लटकून जे होतं ते उचलून होतं, बोटांना दोन्ही सारखंच.

आणि फिंगरबोर्डवरून आठवलं म्हणून सांगतो. १९८८ मध्ये जर्मन गिर्यारोहक व्होल्फगांग ग्युलिशने न्यूरेंबर्गच्या एका व्यायामशाळेत फळीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि त्यांवरून नुसत्या बोटांनी, पाय न टेकवता वर झेपावायचा सराव केला. आज जगभरातल्या क्लाइंबिंग जिममध्ये दिसणारा कॅम्पस बोर्ड तो हाच. त्याची सुरुवातसुद्धा सुतारकामातूनच झाली. मात्र तो बोर्ड वर्षानुवर्षं कातळावर चढलेल्या बोटांसाठी आहे. घरी तसा करायचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर कृपया नको.

---

लालमाती | मंगळवार, दुपारी १.३०

दादा, छान लिहिलंय. मी कोल्हापूरकडचा. पोरवयात आठ वर्षं तालमीत काढली, आता शेती आणि ट्रॅक्टर.

आमच्याकडं पकडीचा वेगळा व्यायाम असा नव्हताच. वस्तादांनी पहाटे पहिलं काम दिलं ते कुस्तीच्या मातीचा हौदा उकरायचं. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली ती माती रात्रीतून घट्ट बसते. फावड्यानं अख्खा हौदा खालवर करायचा म्हणजे अर्धा-पाऊण तास. पहिल्या महिन्यात सकाळी हातात भाकरी मोडवत नव्हती. मग दोर चढणं, मग करेला, म्हणजे जड लाकडी मुद्गल, फिरवणं. आणि सरावाच्या लढती सुरू झाल्या की समोरच्याचं मनगट धरायचं, त्यानं सोडवायचं, पुन्हा धरायचं. घामानं, मातीनं निसटणारं मनगट धरून ठेवणं हीच खरी परीक्षा.

आता हौदा नाही, म्हणून मी घरी जाड पाइप वापरतो. दीड इंची जीआय पाइप बाहेरून ४८ मिलिमीटर भरतो. त्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, दोन टोकांना सिमेंट भरलेले डबे. वजन एकूण २२ किलोच आहे, पण जिमला जाणारी गावातली पोरं साध्या बारनं ६० किलो ओढतात आणि हा पाइप एका हातानं उचलताना त्यांची बोटं उघडतात. दांडा जाड झाला की अंगठा आणि बोटं एकमेकांना भेटत नाहीत, सगळा भार अंगठ्यावर येतो. इंग्लंडच्या थॉमस इंचचा डंबेल ह्याच कारणानं गाजला. वजन ७८ किलो, दांडा ६० मिलिमीटर. त्याहून किती तरी जास्त उचलणारे गडी त्याच्यापुढं हरले.

दुसरं म्हणजे पाइपला दोरी बांधून खाली वजन लावायचं आणि मनगटानं गुंडाळत वर आणायचं. हात पुढं ताठ धरून केलं तर आधी खांदे जातात, मनगट तसंच राहतं. मी पाइप झोपाळ्याच्या दोन कड्यांत अडकवतो. खांद्याला आधार मिळतो आणि पोटरीसारखा हाताचा पुढचा भाग टम्म फुगतो. वर आणण्यापेक्षा खाली सोडताना सावकाश सोडा, खरं काम तिथं आहे.

---

तुळशीकट्टा | मंगळवार, सायंकाळी ५.५०

माझं वय ६६. कड्यावर चढायचं नाही, कुस्ती खेळायची नाही. पण गेल्या दोन वर्षांत लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरत नाही, कुकरचं झाकण काढताना उजवा हात थरथरतो, आणि परवा दुधाची पातेली हातातून सुटली. सून लगेच धावून येते, पण मला ते आवडत नाही. माझ्यासारखीने यातलं काही करावं का? गुडघे दुखतात, बादली वाकून उचलणं जमणार नाही.

---

मनगटघडी | मंगळवार, रात्री १०.२०

काकू, तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि या धाग्यावर सगळ्यात जास्त गरज तुम्हालाच आहे असं मला वाटतं.

पकड ही नुसत्या हाताची गोष्ट नाही. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक मोठा अभ्यास आला होता. १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांची पकड मोजली होती, भारतही त्यात होता. पकड ५ किलोने कमी असली की मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी जास्त आढळला. याचा अर्थ पकड वाढवली की आयुष्य वाढतं असा लगेच काढू नका. सगळ्या अंगातली ताकद किती उरली आहे हे पकडीतून दिसतं, असा त्याचा अर्थ. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेली रेषा अशी : मुठीचा जोर पुरुषांचा २८ किलोच्या खाली आणि स्त्रियांचा १८ किलोच्या खाली असेल तर पकड कमी समजायची. डायनॅमोमीटर नावाचं साधन बहुतेक फिजिओकडे असतं, दोन मिनिटांचं काम आहे, एकदा मोजून घ्याच.

आधी एक खात्री करा. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत मुंग्या येतात का? हात झटकल्यावर बरं वाटतं का? एकाच हाताची ताकद अचानक गेली आहे का? यातलं काही असेल तर व्यायाम नंतर, आधी डॉक्टर.

नसेल तर खुर्चीत बसून करण्यासारखं पुष्कळ आहे. जुना जाड टॉवेल पाण्यात बुडवायचा आणि पिळायचा, एकदा उजवा हात पुढे, एकदा डावा. पाणी निथळायचं थांबलं की तो पीळ तसाच ५ सेकंद धरायचा. दहा वेळा. आपल्या आया चादरी, सतरंज्या पिळायच्या ते हेच. दुसरं, परातीत किंवा पसरट बादलीत चार-पाच किलो तांदूळ घ्या, हात मनगटापर्यंत आत घाला आणि मूठ मिटा, मग आतल्या आत पाचही बोटं पूर्ण पसरा. तांदूळ दोन्हीकडून अडवतो. मिटणं सगळेच करतात, उघडणं कुणी करत नाही, आणि कोपराच्या बाहेरच्या अंगाला दुखायला लागलं की माझ्याकडे येतात.

हे तरुण मंडळींसाठीही आहे. भाजीच्या जुडीचे रबर बँड पाच बोटांभोवती घालून बोटं उघडा, रोज २० वेळा. कोपर दुखायला लागलंच असेल तर पाण्याची बाटली अर्धी भरून घ्या, हात टेबलावर, तळवा खाली, मनगट काठाबाहेर. दुसऱ्या हाताने बाटली वर आणून द्या आणि दुखऱ्या हाताने चार सेकंद घेत खाली सोडा.

आणि रक्तदाब असलेल्यांनी वजन धरून ठेवताना श्वास कोंडू नये. जोर लावून धरलं की रक्तदाब चढतो, श्वास कोंडला की आणखी चढतो. मोठ्याने आकडे मोजा, श्वास आपोआप चालू राहतो.

---

गोठा_आणि_शिवार | बुधवार, सकाळी ६.०५

आताच धार काढून आलो. दोन म्हशी, एक गाय, मशीन नाही.

हातानं धार काढायच्या तीन पद्धती आहेत आणि तिन्हींत पकड वेगळी. मूठ पद्धतीत सड पूर्ण मुठीत घेऊन तर्जनीपासून करंगळीकडं एकेक बोट दाबत जायचं. चिमटी पद्धतीत अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत सड धरून खाली ओढायचा. तिसरीत अंगठा दुमडून सड त्याच्यावर दाबायचा. ही तिसरी सगळ्यात वाईट. जनावराच्या सडाला इजा होते आणि आपल्या अंगठ्याचं पेरही जातं. माझ्या चुलत्यांचा अंगठा आज सरळ होत नाही. मला आजीनं लहानपणीच मुठीनं शिकवलं, तिचे उपकार आहेत.

मुठीचं माझं काम रोज होतं, पण बोटं सरळ ठेवून अंगठ्यानं पकडायचं होत नाही, म्हणून मी वीट वापरतो. साधी भाजलेली लाल वीट तीन किलोच्या आसपास भरते. वरून तीन इंचाच्या बाजूनं अंगठा एकीकडं, चार बोटं दुसरीकडं, तळवा टेकवायचा नाही. दोन्ही हातांत एकेक घेऊन गोठ्याला फेरी मारायची. सोपं झालं की शहाबादी फरशीचा फूट बाय फुटाचा तुकडा, इंचभर जाडीचा सहा किलोपर्यंत जातो. पातळ असल्यामुळं विटेपेक्षा धरायला वेगळाच जड वाटतो. खाली गोणपाट घाला आणि चप्पल नको, बूट घाला. सुटली तर बोटावर पडते.

---

वेतदोर | बुधवार, दुपारी १२.१०

मी मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवते. मल्लखांब दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा रुजवला, तो कुस्तीगिरांची तयारी करून घ्यायलाच, त्यामुळे लालमातींच्या तालमीशी आमचं जुनं नातं आहे.

एक सांगायचं होतं. पालक येतात आणि म्हणतात, मुलीच्या हातात जोर नाही, तिला स्प्रिंगचं हँडग्रिप आणून देऊ का? ते हँडग्रिप दाबून दोरीवर टिकता येत नाही. ते मिटतं, दोर मिटत नाही. दोर नुसता धरून ठेवायचा असतो, वजन अंगावर घेऊन, न हलता. म्हणून घरी करायला मी पंचा सांगते. मजबूत आडव्या बारवरून सुती पंचा टाकायचा, दोन्ही टोकं एकत्र दोन्ही मुठींत धरायची, पाय जमिनीला टेकलेले ठेवून गुडघे थोडे वाकवायचे. जेवढे वाकवाल तेवढा भार. दहा वर्षांच्या मुलीलाही हे जमतं. पाय जमिनीवर असल्यामुळे किती भार घ्यायचा ते तिच्या ताब्यात राहतं, मला तेच हवं असतं.

लहान मुलांना बोटांच्या टोकांवर वजन देऊ नका. वाढत्या वयात बोटांची हाडं कच्ची असतात. ठोकळा-बादली मोठ्यांसाठीच ठेवा.

---

हिंजवडीकर | शनिवार, सायंकाळी ७.४५

ठोकळा झाला. सुताराने आधी आडव्या रेषांचा तुकडा काढला होता, धाग्यातलं वाक्य दाखवल्यावर बदलला. आज पहिल्यांदा केलं. ११ लिटर उजव्याने, १२ डाव्याने. मी उजखोरा आहे, तरी डावा पुढे कसा?

आणि टाल्कम पावडर लावली तर हात जास्तच घसरला.

---

कातळवाट | शनिवार, रात्री ९.००

टाल्कम नको, ते गुळगुळीतच असतं. क्लाइंबिंगचा चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, खेळाच्या दुकानात वडी मिळते. मिळेपर्यंत हात धुऊन कोरडे करा, तेवढं पुरतं.

डावा पुढे असण्याचं म्हणाल तर सुरुवातीला एखाद्या किलोचा फरक काहीच सांगत नाही. झोप, दिवसभरचं टायपिंग, आधी कुठल्या हाताने केलं, यानेही तेवढा पडतो. महिनाभर वहीत लिहा, मग बघू.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी लिहायला हवी होती, ती राहिली. रंगाच्या बादलीची कडी पातळ तारेची असते आणि प्लॅस्टिकच्या कानात नुसती अडकवलेली असते. माझ्याकडे पाण्याऐवजी वाळू भरली तेव्हा २५ किलोला कान फाटला. बादली दोनच इंच वर होती म्हणून फरशीवर नुसती वाळू सांडली. पाय खाली असता तर? तेव्हापासून दोरी कडीला बांधत नाही. बादली गोणीत ठेवतो आणि गोणीची चारही टोकं गोळा करून दोरीत घेतो. १८ लिटरच्या पुढे जायचं असेल तर हे आधी करा. कोरडी वाळू लिटरला दीड किलोच्या आसपास भरते, पण अंदाजावर जाऊ नका, वजन करा.

पाणी-वाळू काहीच नको असेल तर प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा घ्या, बहुतेक ५० किलोपर्यंतचे असतात. ठोकळ्याची दोरी काट्याच्या हुकात, काट्याची दुसरी दोरी पायाखाली, आणि ओढायचं. किती जोर लावला ते आकड्यात दिसतं. दुखापतीनंतर मी पहिले तीन आठवडे असंच केलं, कारण दुखायच्या आत थांबता येतं. उचललेली बादली अर्ध्यात सोडता येत नाही, ओढणं क्षणात सोडता येतं.

---

तुळशीकट्टा | सहा आठवड्यांनंतर, रविवार सकाळी

मनगटघडीताई, मोजून घेतलं. उजवा १५, डावा १४.५. तुम्ही सांगितलेल्या रेषेच्या खालीच. मुंग्या वगैरे नाहीत, डॉक्टरांनी व्यायामाला हरकत नाही म्हणून सांगितलं. रोज सकाळी टॉवेल पिळते, एक दिवसाआड तांदूळ. मुलाने एक लिटरची बाटली आणि सागवानाचा छोटा ठोकळा दिला आहे, ती मी उंच स्टुलावर ठेवून उभ्यानेच उचलते, वाकावं लागत नाही. काल परत मोजलं. १७ आणि १६.

लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडली. सून घरात नव्हती.

आता बाटलीऐवजी पाच लिटरचा तेलाचा कॅन घेऊ का?

---

मनगटघडी | रविवार, दुपारी

काकू, कॅन घ्या, पण त्यात दीडच लिटर भरा. दोन आठवडे तेवढंच ठेवा, मग अर्धा लिटर वाढवा. आणि कॅनच्या मुठीवर कापड गुंडाळा, ती प्लॅस्टिकची कड बोटाला रुतते.